दमदम ते कडेगाव: विमान सोडून उरलेले अंतर

कोलकात्याच्या दमदम विमानतळापासून पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे 1,580 किलोमीटर भरते. हेच माप दमदमपासून थेट सांगली जिल्ह्यातल्या कडेगावापर्यंत घेतले तर आकडा 1,590 च्या आसपास येतो. फरक अवघा दहा किलोमीटरांचा. कारण साधे आहे. कोलकाता या मुलखाच्या पूर्वेला, किंचित उत्तरेकडे कललेले आहे. पुणे आणि कडेगाव एकमेकांपासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटर दूर असले, तरी ते अंतर दक्षिणोत्तर आहे. त्यामुळे कोलकात्याहून पाहिले तर दोन्ही ठिकाणे जवळजवळ सारख्याच लांबीवर पडतात. भूमितीच्या हिशेबाने लोहगावला उतरलेला प्रवासी कडेगावला पोचल्यातच जमा असतो. घड्याळ मात्र हे मान्य करत नाही. विमान 1,580 किलोमीटर पावणेतीन तासांच्या आत संपवते आणि भूमितीने फुकट दिलेल्या त्या शेवटच्या तुकड्याला चार-साडेचार तास लागतात. दोन विमानतळांमधले अंतर आणि उड्डाणाची वेळ हे आकडे आज कुणालाही क्षणात मिळतात आणि त्यावरूनच गाव किती लांब आहे हे ठरवले जाते. या वाटेने एकदा टोकापासून टोकापर्यंत गेले की हे माप चुकीच्या जागी लावले जाते आहे, असे स्पष्ट दिसते. विमानाने अंतराचा मधला भाग पुसून टाकला, दोन टोके मात्र जिथल्या तिथे ठेवली. त्यामुळे गाव जवळ आले की नाही, याचा निकाल आता टोकांवरच लागतो.

ही वाट कुणाची, हे आधी सांगायला हवे. कडेगाव, विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी टापूतली हजारो कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. जुने दागिने, कारागिराच्या पाटावरचा कीस, पेढीतल्या झाडलोटीची धूळ यांतून शुद्ध सोने-चांदी वेगळी काढणे म्हणजे गलाई. काम अवजड यंत्रांचे नाही, पण हात आणि डोळा दोन्ही तयार लागतात. हिणकस सोने मुशीत वितळवून त्यात इतकी चांदी घालतात, की सोन्याचे प्रमाण साधारण चौथ्या हिश्शावर यावे. मग नायट्रिक आम्लात, म्हणजे धंद्यातल्या भाषेत तेजाबात, चांदी आणि तांबे विरघळते व तळाशी तपकिरी भुकटीसारखे सोने उरते. ती भुकटी पुन्हा वितळवली की टंच काढायला तयार. आम्लात विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या बुडवून परत मिळवतात. भांडवल थोडे, जागा एका खोलीची आणि शिकायला एखादा भावकीतला माणूस, एवढ्यावर हा धंदा उभा राहतो. पावसाच्या भरवशावर शेती करून हात टेकलेल्या मुलखाला तो मानवला यात नवल नाही. ही वाट आधीच मळलेली होती. 1972 च्या दुष्काळाने तिच्यावरून आणखी माणसे लोटली. केरळ, तामिळनाडू, पंजाब, बिहार, बंगाल अशा सगळीकडे जिथे सराफ बाजार आहे, तिथे मागच्या गल्लीत सांगलीकडची मराठी ऐकू येते. कोलकात्यात ती बडा बाजार आणि बहूबाजार या भागांत ऐकू येते.

बहूबाजारात मराठी माणसाने भट्टी पेटवावी यात इतिहासाची एक गंमत दडलेली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या सरदारकीखाली बंगालवर चालून गेल्या, तेव्हा 1742 साली कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठा खंदक म्हणूनच तो ओळखला गेला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत, खंदकही अर्धाच राहिला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला. ज्यांना बाहेर ठेवायला हा खटाटोप केला, त्यांच्याच मुलखातली माणसे आज त्या रस्त्याच्या आतल्या अंगाला बंगाली सराफांचे सोने गाळतात, आणि तेही बहुतेक तोंडी विश्वासावर. या बहूबाजाराने टोक जवळ आणण्याची किंमतही मोजली आहे. 31 ऑगस्ट 2019 रोजी पूर्व-पश्चिम मेट्रोचा बोगदा खणताना जमिनीत पाणी शिरले, वरची जमीन खचली आणि सोनारकामाच्या गल्ल्यांमधली जुनी घरे कोसळली. कित्येक घरे-कारखाने रिकामे करावे लागले. मेट्रोचा तो तुकडा 22 ऑगस्ट 2025 ला सुरू झाला आणि त्याच दिवशी नोआपाडापासून विमानतळापर्यंतची मार्गिकाही खुली झाली. बहूबाजारातून दमदमला जायला कोंडीच्या वेळी तास-सव्वातास सहज जायचा, त्यात आता घट झाली. विमानाचा वेग एका किलोमीटरनेही न वाढता कोलकाता आणि कडेगाव यांच्यातले अंतर काही मिनिटांनी कमी झाले, ते असे जमिनीखाली.

आता प्रत्यक्ष उड्डाण. नकाशावर दोरी ताणली तर ती खरगपूरच्या बाजूने छत्तीसगडात रायपूरजवळून जाते, चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागावरून विदर्भ ओलांडते, हिंगोलीवरून मराठवाड्यात शिरते आणि बीडच्या थोडी उत्तरेने पुण्याकडे येते. विमान या दोरीवरून नेमके जातेच असे नाही. आकाशातही मार्ग आखलेले असतात आणि हवाई दलाच्या तळांभोवतीचे पट्टे टाळावे लागतात. कोलकात्याच्या पश्चिमेला कलाईकुंड्याचा मोठा तळ आहे. म्हणजे दोन विमानतळांमधले छापील अंतर हे प्रत्यक्ष उडालेलेही अंतर नसते. याचा ठसठशीत नमुना एप्रिल 2025 मध्ये साऱ्या देशाने पाहिला. पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडू लागला. विमानतळ जागचे हलले नव्हते, अंतराचा आकडा तोच होता, वेळ मात्र वाढला. दमदम-लोहगाव मार्गावर एवढे नाट्य नाही, पण वारा इथेही ढवळाढवळ करतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून वरच्या थरात पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. त्यांची कड इथपर्यंत पोचते. म्हणून पुण्याहून कोलकात्याला जाणारे विमान लवकर पोचते आणि परतीला पंधरा-वीस मिनिटे जास्त लागतात. गावाकडे येणाऱ्याच्या तोंडावरच वारा, असा हा प्रकार. पावसाळ्यात वरच्या हवेतले वारे पूर्वेकडून वाहू लागतात आणि हा फरक पुसट होतो.

सूर्याची गंमत वेगळीच आहे. दमदम आणि लोहगाव यांच्यात साडेचौदा रेखांशांचे अंतर आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ एक तास. डिसेंबरात कोलकात्यात पाचच्या आत सूर्य मावळतो, पुण्यात सहाच्या सुमारास. दुपारी निघालेल्या विमानातल्या खिडकीत संध्याकाळ लांबत जाते, घड्याळ मात्र जराही मागेपुढे करावे लागत नाही, कारण 1906 पासून सगळ्या देशाला एकच प्रमाणवेळ आहे. तरीही कोलकात्याने आपली वेगळी वेळ 1948 पर्यंत आणि मुंबईने 1955 पर्यंत चालवली, हे आज सांगितले तर खरे वाटत नाही. तेव्हा दोन शहरांमधले अंतर विचारले तर आधी कुणाच्या घड्याळाने, असे विचारावे लागले असते.

इथे एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. टोकांचे रडगाणे गाताना विमानाने वाचवलेला वेळ विसरला जातो आहे का? पुणे-हावडा आझाद हिंद एक्स्प्रेस मनमाड, भुसावळ, नागपूर, रायपूर, बिलासपूर, टाटानगर असा दोन हजार किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास करते आणि त्याला तीस तासांहून जास्त लागतात. पुण्यापुढचा रस्ता धरला तर घरापासून घरापर्यंत दीड दिवस सहज जातो. विमानाने हाच प्रवास दहा-अकरा तासांवर आणला, हे निर्विवाद. त्याचा खरा परिणाम कुठे झाला, तर मयताच्या निरोपावर. गाडीच्या काळात कोलकात्याहून निघालेला मुलगा बापाच्या अग्निसंस्काराला पोचण्याचा प्रश्नच नव्हता; तो थेट पुढच्या विधींना यायचा. आता सकाळी निरोप मिळाला तर रात्रीपर्यंत तो दारात उभा राहू शकतो, आणि गावही त्याच्यासाठी थांबते. हा बदल लहान नाही. पण विमानाची ही देणगी एकदाच मिळून गेली आहे, तिच्यात आणखी भर पडणारी नाही. दहा-अकरा तासांत प्रत्यक्ष हवेतला वेळ चौथ्या हिश्शाइतका आहे. विमानाचा वेग उद्या दुप्पट झाला तरी प्रवास दीड तासानेसुद्धा कमी होणार नाही. काँकॉर्डने 1976 ते 2003 या काळात अटलांटिक साडेतीन तासांत ओलांडून दाखवला आणि ते विमान शेवटी संग्रहालयात गेले. जगातल्या प्रवासी विमानांचा वेग गेल्या साठ वर्षांत फारसा हललेला नाही. तेव्हा यापुढचा वेळ वाचायचा असेल तर तो जमिनीवरच.

आणि जमिनीवरचे पहिले संकट लोहगावातच उभे असते. हा मुळात हवाई दलाचा तळ. नागरी विमानांना त्याचीच धावपट्टी वापरावी लागते आणि वेळांवर त्या दलाच्या गरजेची बंधने येतात. ऑक्टोबर 2021 मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी विमानतळ चौदा दिवस पूर्ण बंद होता, तेव्हा पुण्याच्या दक्षिणेचा अख्खा मुलूख एका पट्टीवर किती टांगलेला आहे हे कळले. 2024 मध्ये नवी प्रवासी इमारत सुरू झाली, ऐसपैस आहे. त्याच वर्षी मेट्रो रामवाडीपर्यंत आली, पण विमानतळाच्या दारात ती नाही. शिवाय लोहगाव शहराच्या ईशान्येला आणि कडेगावचा रस्ता शहराच्या दक्षिणेला कात्रजहून सुटतो. म्हणजे सामान हाती आल्यावर प्रवाशाला आधी सगळे पुणे आडवे ओलांडायचे असते. संध्याकाळच्या गर्दीत या वीस-पंचवीस किलोमीटरांना जितका वेळ लागतो, तितक्यात विमान विदर्भ ओलांडून मराठवाड्यात येऊन बसलेले असते. रात्री उशिरा उतरणाऱ्याला तर एसटीच मिळत नाही. मुक्कामी गाडी केव्हाच निघून गेलेली असते आणि पहाटेची पहिली गाडी धरेपर्यंत विमानाने वाचवलेला वेळ स्वारगेटच्या बाकावर खर्ची पडतो.

पुरंदरचा नियोजित विमानतळ झाला तर हे टोक बरेच आखडेल, कारण तो शहराच्या कडेगावकडच्या अंगाला आहे. गलाईवाल्यांच्या दृष्टीने कुठल्याही नव्या विमानापेक्षा हीच बातमी मोठी. पण पारगाव, खानवडी, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, उदाचीवाडी, वनपुरी ही सात गावे त्या जागेत येतात आणि तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे. अंजीर-सीताफळांच्या बागा असलेली ही जमीन. बहूबाजारात घरे खचली, इथे रान जाणार. प्रवाशाचे टोक आखडते तेव्हा ते कुणाच्या तरी घरातून किंवा शेतातून जाते, हा खर्च उड्डाणाच्या वेळेत कुठेच दिसत नाही.

कात्रजचा बोगदा ओलांडला की रस्ता सुटतो. शिरवळ, खंबाटकीचा घाट, सातारा, उंब्रज, कराड. हमरस्त्यावर सांगण्यासारखे काही उरलेले नाही. तो आता सगळीकडे सारखाच असतो. याच टप्प्यात दुसरा आक्षेप विचारात घ्यायला हरकत नाही: टोकच जर अडचण असेल तर विमानतळच जवळ का बांधू नये? तसे विमानतळ या भागाला नवे नाहीत. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ 1939 पासून आहे आणि तो कडेगावहून पुण्याच्या निम्म्या अंतरावर आहे. कराडजवळ वारुंजीला धावपट्टी आहे, कोयना प्रकल्पाच्या काळातली. सांगली-तासगाव रस्त्यावर कवलापूरला जुन्या धावपट्टीची जागा पडून आहे आणि तिथे विमानतळ व्हावा ही मागणी प्रत्येक निवडणुकीत ताजी होते. प्रश्न धावपट्टीचा नाही, भरवशाच्या फेऱ्यांचा आहे. कोल्हापूरहून थेट विमाने मुंबई, हैदराबाद, बंगळूर अशा मोजक्या शहरांना जातात. कोलकात्याला जायचे तर मध्ये विमान बदलावे लागते आणि त्या मधल्या विमानतळावरचा खोळंबा पुण्याच्या रस्त्याइतकाच वेळ खातो. थेट फेरी सुरू करायची तर रोज दोन्ही बाजूंनी, अगदी लहान विमान धरले तरी, सत्तरेक माणसे हवीत. गलाईचे लोक आहेत हजारोंनी, पण पांगलेले आहेत शेकडो गावा-शहरांत. एका शहराच्या वाट्याला रोजचे विमान भरेल एवढी माणसे येत नाहीत, आणि येतात तीही यात्रा, लग्नसराई, दिवाळी अशा ठरावीक दिवसांत एकदम. उडान योजनेत 27 एप्रिल 2017 ला नांदेड-हैदराबाद सेवा वाजतगाजत सुरू झाली, मग बंद पडली, पुन्हा सुरू झाली. छोट्या विमानतळांचे हे दुखणे सगळीकडचेच. ज्या पांगण्याने या मुलखाला तगवले, तेच पांगणे त्याला विमानतळ मिळू देत नाही, असा हा पेच आहे. कवलापूरच्या मागणीला माझा विरोध नाही. तिच्यामुळे कोलकाता जवळ येईल या समजुतीला आहे.

कराडला हमरस्ता सोडून पूर्वेकडे वळले की प्रवास खऱ्या अर्थाने पाहण्याजोगा होतो. गुहागर-विजापूर महामार्ग इथून विट्याकडे निघतो. पहिल्यांदा ओगलेवाडी लागते. काचेचा कारखाना आणि प्रभाकर कंदील यांनी एके काळी घराघरात पोचलेले हे नाव. कराडचे रेल्वे स्थानकही इथेच. जवळच कृष्णेवर टेंभू, गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव. आज टेंभू म्हटले की लोकांना आगरकरांच्या आधी उपसा सिंचन योजना आठवते, आणि याबद्दल आगरकरांनी तक्रार केली असती असे वाटत नाही. पुढे सुर्ली घाट चढून गेले की दुसरा मुलूख सुरू होतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरवर असलेल्या कडेगावच्या वाट्याला त्याचा दशांश येतो. सह्याद्री ढगांचे पाणी पश्चिमेकडेच उतरवून घेतो आणि पूर्वेकडे वारा तेवढा पाठवतो. जगण्याच्या दृष्टीने या वाटेवरचे सर्वांत मोठे अंतर हेच शंभर किलोमीटर होते. त्यानेच माणसांना पुढच्या दीड हजार किलोमीटरवर धाडले.

कडेगाव तालुक्यात शिरल्यावर नवख्याला चकित करतात ती घरे. माळरानावरच्या लहानशा गावात दुमजली, तिमजली, रंगीत संगमरवरी पायऱ्यांची घरे उभी असतात आणि त्यांतल्या कित्येकांना कुलूप असते. ती मद्रास, अमृतसर, कोलकात्याच्या भट्ट्यांनी बांधली आहेत. राहणार कोण, हा प्रश्न विचारणारा बाहेरचा असतो. हे घर भावकीत आपली जागा कायम असल्याची खूण असते, वर्षातून दहा-पंधरा दिवस उघडले तरी पुरते. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे आजोळ आणि जन्मगाव, पतंगराव कदमांचे सोनसळ, आणि उघड्याबोडक्या डोंगरांवर धों. म. मोहित्यांच्या ध्यासातून उभे राहिलेले व 1985 मध्ये अभयारण्य झालेले सागरेश्वर, हे सगळे याच टापूत येते. पण माणसांना दूरवरून खेचून आणणारी गोष्ट म्हणजे कडेगावचा मोहरम.

कडेगावचे ताबूत उंचीसाठी प्रसिद्ध आहेत. बांबू आणि रंगीत कागदांचे हे मनोरे घरांच्या वर कितीतरी चढतात, आणि ते बांधण्याची रीत उलटी: आधी कळस, मग त्याखाली एकेक मजला, शेवटी पाया. दीडशे वर्षांहून जुनी ही परंपरा हिंदू आणि मुसलमान दोघे मिळून चालवतात. मानाचे ताबूत दोन्हीकडे आहेत, आणि मैदानात त्यांच्या भेटी होतात तेव्हा गर्दीत कोण कुणाचा हे ओळखता येत नाही. आता हा दिवस चांद्रवर्षाने येतो, म्हणजे दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2024 साली तो 17 जुलैला होता, 2025 साली 6 जुलैला. विमान कंपन्यांचे वेळापत्रक मात्र सौर दिनदर्शिकेवर चालते, मार्चच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बदलते. सध्या मोहरम पावसाळ्याच्या तोंडाशी आहे. कोलकात्यावर तेव्हा वादळी ढग असतात आणि विमाने खोळंबतात. आणखी काही वर्षांनी तो उन्हाळ्यात, मग हिवाळ्यात जाईल आणि प्रवासाचा वेळ पुन्हा वाऱ्याप्रमाणे बदलेल. एकाच गावाचे एकाच शहरापासूनचे अंतर असे सणाच्या तिथीवरही अवलंबून असते.

तिसरा आक्षेप जरा खोल आहे. गाव जवळ येणे हे नेहमी भल्याचेच, असे कुणी सांगितले? या मुलखाने आडबाजूला असण्याचा फायदाही घेतला आहे. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटून प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांनी आपल्या लढ्याला पैसा उभा केला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या या चळवळीला पोलिसांपासून बचाव मिळाला तो कृष्णा आणि येरळा यांच्यामधल्या, रेल्वे आणि हमरस्त्यापासून दूर पडलेल्या गावांमुळे आणि त्या गावांच्या मौनामुळे. गलाईचेही तसेच. गाव लांब होते म्हणूनच परक्या शहरात भावकी घट्ट राहिली, एकाने दुसऱ्याची हमी घेतली आणि सराफाने अनोळखी माणसाच्या हातात सोने ठेवले. सहज येता-जाता आले असते तर हे जाळे इतके पक्के विणले गेले असते का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पण ही बाजू मांडताना हेही ध्यानात ठेवायला हवे, की लांब राहण्याचा फायदा त्यांनी निवडून घेतलेला नव्हता. घाटापलीकडे पाणी नव्हते, म्हणून तो पदरात पडला होता.

ते पाणी आता घाट चढून आले आहे. टेंभू योजना कृष्णेचे पाणी पाच टप्प्यांत पंपांनी उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ आणि पुढे सांगोल्यापर्यंत नेते. ऐंशी हजार हेक्टरांवरचे क्षेत्र भिजवण्याचा तिचा आराखडा आहे. विजेची थकबाकी, आवर्तनांचे राजकारण, शेवटच्या टोकाच्या तक्रारी हे सगळे तिच्यासोबत आहेच. तरी कडेगावच्या शिवारात आज ज्वारीच्या जागी ऊस उभा दिसतो आणि वांगीच्या सोनहिरा कारखान्याची धुराडी हंगामात अखंड चालतात. ज्या कारणाने माणसे भट्टीकडे गेली ते कारणच पातळ होत चालले आहे. कोलकात्यात जन्मलेली पुढची पिढी परत येईल की नाही, हे विमानाच्या वेळापत्रकापेक्षा टेंभूच्या आवर्तनावर जास्त अवलंबून आहे. तिकडे 16 जून 2021 पासून दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि तोंडी विश्वासावर चालणाऱ्या टंचाच्या धंद्याची घडीही बदलू लागली. दोन्ही टोके सरकत आहेत, मधले अडीच-पावणेतीन तास तेवढे स्थिर.

आणि या उसाबरोबर तालुक्यात माणसांची उलटी ये-जा सुरू झाली. दिवाळीच्या सुमाराला बीडकडच्या ऊसतोडणी टोळ्या इथे उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, एक जोडपे म्हणजे एक कोयता, पोरेबाळे, भांडीकुंडी आणि खोपीचे साहित्य घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडात राहतात. बीड ते कडेगाव सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरांच्या आत आहे. बीडच्या उत्तरेने जाणारे कोलकात्याचे विमान एवढे अंतर वीस मिनिटांत कापते. ट्रॉलीला रस्त्याने एक दिवस आणि एक रात्र लागू शकते, वाटेत ट्रॅक्टर बिघडला तर अधिक. आणि एकदा आल्यावर हंगाम संपेपर्यंत परत जाता येत नाही, कारण उचल फिटलेली नसते. गलाईवाल्याचे पहिल्या पिढीतले अंतरही असेच मोजले जात होते, गाडीच्या तासांत कमी आणि मालकाच्या रजेत जास्त. ज्या शिवारातून ती माणसे बाहेर पडली, त्याच शिवारात आता दुसऱ्या दुष्काळी जिल्ह्यातली माणसे वर्षाचे पाच-सहा महिने काढतात, आणि त्यांच्या गावापर्यंत अजून कुणी पाणी उचलून नेलेले नाही.